माझं बीपी पुण्यात, आत्यांचं गावात

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, हे आधीच सांगते म्हणजे पुढे गोंधळ नको. मी वाकडला राहते, हिंजवडीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे, वय ४६. आत्या सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यात, वरच्या अंगाला छोटंसं गाव आहे तिथं धाकटे दीर आणि जाऊबाईंबरोबर राहतात, वय आधारकार्डावर ६८ आणि खरं देवाला माहीत. गेल्या वर्षी आम्हा दोघींचं बीपी साधारण एकाच सुमाराला सापडलं, गोळ्याही जवळजवळ त्याच निघाल्या, पण त्या गोळ्यांपर्यंत पोचायचा आणि त्या चालू ठेवायचा रस्ता इतका वेगळा होता की लिहून काढावंसं वाटलं.

आधी माझं. ऑफिसात वर्षातून एकदा चेकअप कॅम्प असतो, रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं, वजन, बीपी, आणि शेवटी सँडविच. माझं आलं १५८/९६. मशीन लावणारी मुलगी म्हणाली मॅडम टेन्शन आहे का, मी म्हटलं क्वार्टर एंड आहे, ती हसली आणि पुढच्याला बोलावलं. चारपाच दिवसांनी मेलवर पीडीएफ आली, बीपीच्या आकड्यापुढे लाल रंगात हाय, आणि तळाशी बारीक अक्षरात डॉक्टरांचा सल्ला घ्या. बस. पुढे मला कुणी फोन केला नाही, एचआरने नाही, लॅबने नाही, कुणीच नाही. आमच्या मजल्यावर लाल अक्षरं आलेले बरेच जण होते, त्यातले दोघंतिघं तर जेवताना एकमेकांना आकडे सांगून हसत होते, जणू आयपीएलचा स्कोअर.

मी घराजवळच्या एका क्लिनिकला गेले. जिना चढून गेले, पाचेक मिनिटं उभीच होते कारण खुर्च्या भरलेल्या, आत बोलावलं आणि टेबलावर बसवून, पाय लोंबकळतायत, कुडत्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधला आणि मी बोलत असतानाच मोजलं. १६४/१००. एक गोळी लिहून दिली आणि एक फुल बॉडी पॅकेजचा कागद हातात ठेवला, एवढ्या एवढ्या टेस्ट, आज डिस्काउंट आहे. मला काही पटेना. गोळीबद्दल तक्रार नव्हती हो, पण आयुष्यभराची गोळी सुरू करायची तर निदान बाही वर करून तरी मोजा ना.

मग ऑफिसातल्या एका सीनियर ताईंनी चिंचवडच्या एका फिजिशियनचं नाव दिलं. वयस्कर आहेत, जरा चिडके पण आहेत. त्यांनी आधी मला बाहेर पाच मिनिटं नुसतं बसायला लावलं, मोबाईल पर्समध्ये. मग आत खुर्चीवर, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड टेबलावर छातीच्या लेव्हलला, बाही पूर्ण वर, आणि गप्प. चहा कधी घेतला, लघवीला जाऊन आलात का हेसुद्धा विचारलं, कारण अर्ध्या तासाच्या आत चहा घेतलेला असला किंवा लघवी तुंबलेली असली तरी आकडा चढतो. दंडाला टेपही लावली, म्हणाले तुम्हाला नेहमीचा पट्टा तोकडा पडतो, मोठा लागेल, छोट्या पट्ट्याने बीपी उगाच जास्त दिसतं. दंड जाड आहे हे इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांवर मोजलं, दोनदोनदा. तरीही १५२/९४.

पण गोळी त्यांनी लगेच दिली नाही. म्हणाले दंडावरचं मशीन विकत घ्या, मनगटावरचं नको, आणि आठवडाभर सकाळी दोनदा संध्याकाळी दोनदा मोजून वहीत लिहा, पहिल्या दिवसाचे आकडे मी खोडणार आणि उरलेल्यांची सरासरी काढणार. दवाखान्यात १४०/९० ची रेघ असते तशी घरच्या मशीनला १३५/८५ ची. काही लोकांचं डॉक्टर दिसला की वाढतं आणि घरी नॉर्मल असतं, काहींचं बरोबर उलटं, दवाखान्यात छान आणि ऑफिसात, घरी चढलेलं, आणि हे उलटं प्रकरण जास्त वाईट कारण ते कुणाला सापडतच नाही. माझी सरासरी १४६/९१ आली. म्हणजे खरंच होतं.

त्यांनी एक दिवस चोवीस तासांचं मशीनही लावलं. कमरेला डबी, दंडाला पट्टा, दिवसा दर अर्ध्या तासाला आणि रात्री तासाला आपोआप फुगतो. मीटिंगमध्ये फुगायला लागला की हात सरळ सोडून पुतळ्यासारखं थांबायचं, समोरच्याला वाटतं हिला काही झालं. झोप तर काय लागणार, तरी लागली थोडी. त्याचा ग्राफ बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घोरता का? झोपेत बीपी दहावीस टक्के उतरायला पाहिजे आणि माझं उतरतच नव्हतं. मी म्हटलं छे. शेजारी नवरा बसलेला, तो म्हणाला घोरते, फार घोरते, सांगायची हिंमत नव्हती. मग झोपेची टेस्ट, त्यात श्वास थोडा अडकतो असं निघालं, वजन उतरवा, कुशीवर झोपा वगैरे. बाकी टेस्ट त्यांनी मोजक्याच सांगितल्या, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी. पॅकेजचा कागद दाखवला तर चष्म्यावरून नुसतं बघितलं माझ्याकडे.

पहिली गोळी अॅम्लोडिपिन ५. बीपी उतरलं पण महिन्याभरात घोट्यावर सूज, संध्याकाळी सँडलचे पट्टे रुतायचे. हा त्या गोळीचा ओळखीचा साइड इफेक्ट आहे, किडनी बिघडली म्हणून रडायची गरज नसते, मी एक संध्याकाळ रडून घेतली. मग टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन निम्मं असं केलं, दोनेक आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन परत तपासलं, ठीक होतं. सूज गेली.

आता आत्यांचं. त्यांच्या घरी आशाताई, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका, आल्या फॉर्म घेऊन. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचा भरतात, वय काय, तंबाखू खाता का ओढता का, दारू, कंबर किती, चालणं काम किती, घरात कुणाला बीपी शुगर हार्टचं आहे का, प्रत्येकाला मार्क आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासायला आधी न्यायचं. आत्यांची बेरीज गेली. त्यात मोठा वाटा मिश्रीचा. खोऱ्यातल्या त्यांच्या वयाच्या बायका सकाळी उठल्या की तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने दाताला लावून तासभर बसतात, त्याला त्या दात घासणं म्हणतात, तंबाखू म्हणतच नाहीत. आशाताईंना हे माहीत म्हणून त्यांनी "तंबाखू खाता का" असं विचारलंच नाही, सरळ "मिश्री दिवसातनं किती येळा" असं विचारलं. हे शहरातल्या कुठल्याच डॉक्टरला सुचलं नसतं.

उपकेंद्रात, आता बोर्डावर आयुष्मान आरोग्य मंदिर आहे पण सगळे उपकेंद्रच म्हणतात, तिथल्या सीएचओ मॅडमनी, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी, मोजलं तर १८२/१०४. परत मोजलं, तेवढंच. आणि आत्यांना काही म्हणजे काही होत नव्हतं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, चढ चढून शेतात जातात. फोनवर मला म्हणाल्या, "आगं डोस्कं दुखंना का काय न्हाय, मग गुळ्या कशाला खायाच्या? त्यांचं टार्गेट आसल." त्यांचं म्हणणं असं की दुखणं असतं तिथं औषध असतं. यावर मी काय बोलणार, माझ्या ऑफिसातले लाल अक्षरवाले इंजिनियर त्यांच्यापेक्षा वेगळं काय करत होते?

प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊबाई घेऊन गेल्या, वडापच्या, म्हणजे सीटवारी शेअर जीपने. तिथं त्याच दिवशी अॅम्लोडिपिन सुरू, महिन्याच्या गोळ्या फुकट हातात, एक कार्ड, त्यावर क्यूआर कोड, आजचा आकडा आणि पुढची तारीख. इतकं साधं. मी आधी जरा नाक मुरडलं, म्हटलं ना वही ना चोवीस तासांचं मशीन, सगळ्यांना एकच गोळी? आमच्या चिंचवडच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले १८० च्या वर असलेल्या बाईला आठवडाभर वही कशाला लिहायला लावायची, आणि एकच ठरलेली गोळी, नाही भागलं तर ठरलेली दुसरी पायरी, हेच तर त्यात चांगलं आहे, नाहीतर प्रत्येक डॉक्टर आपापल्या आवडीचा ब्रँड लिहितो आणि त्या गोळ्यांचा साठा कुठलं केंद्र ठेवणार. त्यांनीच सांगितलं की देशात २०१७ च्या शेवटी बीपी कंट्रोलचा जो सरकारी उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये सातारा होता, भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्गाबरोबर. म्हणजे आत्यांच्या केंद्रातल्या लोकांना हे काम माझ्या ऑफिसच्या कॅम्पवाल्यांपेक्षा जास्त वर्षं सवयीचं.

पुढच्या वेळी आत्यांचं वरचं १६८. केंद्रातला डॉक्टर तरुण मुलगा होता, शिक्षणानंतरच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेला असावा, त्याने विचारलं आजी दुसरं काय घेता. काही नाही म्हणाल्या. जाऊबाईंनी हळूच पिशवीतून पुडी काढली, गुडघ्याची गोळी, बाजारातल्या मेडिकलमधून सुट्टी मिळते ती, रोज एक, काम जास्त असलं की दोन. डायक्लोफेनॅक. ही दुखण्याची गोळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवते, बीपी चढवते, बीपीच्या औषधाचा जोर कमी करते आणि किडनीला पण चांगली नाही. म्हणजे एका हाताने उतरवायचं आणि दुसऱ्या हाताने चढवायचं चाललं होतं. खोऱ्यात ही गोळी न घेणारी साठीच्या पुढची बाई दाखवा मला. चढउतारावर जन्मभर गवताचे भारे वाहिलेत त्यांनी, गुडघे जाणारच, आणि गोळी बंद करा म्हणायचं तर बदल्यात काय? पॅरासिटामॉल दिली, मलम दिलं, आत्या म्हणतात त्याने निम्मंच थांबतं. तरी गुडघ्याची रोजची सुटली, आता लावणी-कापणीला एखादी घेतात असा मला संशय आहे.

मिठाचं तर विचारूच नका. दिवसाला सगळं धरून पाच ग्रॅमच्या आत म्हणजे सपाट चमचाभर अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि आपल्याकडे सरसकट त्याच्या दीडदुप्पट जातं. माझ्याकडे ते येतं ऑफिसच्या वेफर्स, ब्रेड, चीज, सॉस, बाहेरच्या बिर्याणीतून, मला दिसतही नाही. आत्यांचं समोर दिसतं, भाकरीत मीठ, आमटीत मीठ, ठेचा, वाळवलेले मासे, आणि वर ताटात डावीकडे चिमूटभर वेगळं. आशाताईंनी ताटातलं मीठ बंद करा एवढंच सांगितलं, बाकी काही नाही, आणि तेवढं खरंच झालं. मला डाएटिशियनने सहा पानी चार्ट दिला होता त्यातला कीन्वा अजून डब्यात तसाच आहे.

आषाढात भातलावणी चालू होती तेव्हा आत्यांची तारीख चुकली. चारपाच दिवसांनी केंद्रातून दिरांच्या मोबाईलवर फोन, तो उचलला नाही कारण खोऱ्यात रेंज म्हणजे लहरीवर. मग आशाताई थेट चिखलात बांधावर येऊन उभ्या, सगळ्या बायकांसमोर, "आजी गोळ्या संपल्या ना, मग?" आत्यांना ते लागलं. घरी येऊन दिवसभर बडबडत होत्या, पण दुसऱ्या दिवशी गेल्या. एकदा केंद्रातच टेल्मिसार्टन, म्हणजे त्यांची दुसऱ्या पायरीची गोळी, संपत आलं होतं, दहा दिवसांचंच दिलं, परत हेलपाटा, जीपचं भाडं. सगळं गुलाबी नाहीच. पण दिवाळीपर्यंत आत्या १३४/८२ वर आल्या.

आणि मला? मी चिंचवडला तीन महिन्यांनी जायचं होतं ते पुढे ढकलत गेले असते तर जगात कुणालाही कळलं नसतं. मी मोबाईलमध्ये गजर लावून, वही लिहून, माझी मीच आशाताई झाले. ज्याला हा स्वभाव नाही त्याचं शहरात काय होतं ते मला आमच्या मजल्यावर दिसतं. वाकडला माझ्या बिल्डिंगपासून चालत जाण्याच्या अंतरात मेडिकलची सहा दुकानं असतील, जनऔषधीतही अॅम्लोडिपिनच्या दहा गोळ्या दहा रुपयांच्या आत मिळतात, म्हणजे पैशाचाही प्रश्न नाही. प्रश्न हा की तारीख चुकली तर बांधावर येऊन कोण उभं राहणार.

पण गाव भारी आणि शहर वाईट असं लिहून मी मोकळी होणार होते, तेवढ्यात नानांचं झालं. नाना म्हणजे माझे चुलत सासरे. आमच्या खोऱ्यातली निम्मी घरं माथाडीच्या पैशावर उभी आहेत, तसे नानाही वाशी मार्केटला आयुष्यभर पोती उचलून दोनतीन वर्षांपूर्वी गावी परतले. बीपी मुंबईत असतानाच निघालं होतं, तिथं कार्डावर औषध मिळायचं, गावी आल्यावर "हवा चांगली हाय हितली" म्हणून बंद. थंडीत एका रात्री जेवण झाल्यावर छातीत जड, घाम, डावा जबडा दुखतोय. घरात ठरलं गॅस झाला. ओवा दिला, मग सोड्याची फसफसणारी पुडी, मग पाठ चोळली. पहाटे चार वाजता दिरांनी जीप काढली. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढल्याबरोबर तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या चावायला दिल्या, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि १०८ ने कराडला पाठवलं, तिथं अँजिओप्लास्टी झाली, महात्मा फुले योजनेत बसली म्हणून जमीन विकायची वेळ आली नाही. नाना वाचले. पण हृदयाचा पंप कमजोर झाला तो झालाच, आता अंगणातून गोठ्यापर्यंत चालतात आणि थांबतात. अटॅकमध्ये पहिल्या तासादोनतासात रक्त सुरू झालं तर स्नायू वाचतो, नानांचे सहासात तास ओव्यात गेले.

हेच वाकडला झालं असतं तर? ओवा आम्हीही दिला असता, त्यात काही शंका नाही, पण दीडदोन तासांत कुणीतरी गाडी काढलीच असती आणि वीस मिनिटांत कॅथलॅब, जिथं अँजिओप्लास्टी होते ती. डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले हे तुमच्याच घरातलं नाही, १७ देशांतल्या दीड लाखावर माणसांवर एक मोठा अभ्यास झाला होता, भारतही होता त्यात, २०१४ मध्ये छापून आला, त्यात हेच दिसलं की धोक्याची कारणं, म्हणजे वजन, कोलेस्टेरॉल, बैठं काम, ही शहरात जास्त, पण अटॅक आणि स्ट्रोक आणि त्यातले मृत्यू खेड्यात जास्त. श्रीमंत देश आणि गरीब देश लावून बघितलं तरी तसंच, धोका श्रीमंतांकडे जास्त, मरण गरिबांकडे. मी घरी येऊन बराच वेळ त्यावर विचार करत होते. माझ्या रक्तात आत्यांपेक्षा कोलेस्टेरॉल जास्त आहे, माझी कंबर जास्त आहे, मी दिवसाला नऊ तास बसते, आणि तरी आमच्या दोघींपैकी आधी काही झालं तर जास्त धोक्यात त्याच.

धोका मोजायचा एक रंगीत तक्ताही त्यांनी दाखवला, दक्षिण आशियासाठीचा वेगळा असतो, वय, बाई का पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी, कोलेस्टेरॉल, असं जुळवत गेलं की हिरवा, पिवळा, केशरी, लाल असा एक चौकोन येतो, पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोकची शक्यता. मी हिरव्यात. आत्यांचं मी घरी बसून लावलं, वयामुळेच चौकोन रंग बदलतो, आणि धूम्रपान नाही म्हणून तिथं त्यांना सूट मिळते, मिश्रीचा रकानाच नाही त्यात. ज्यांनी तक्ता बनवला त्यांनी ढेबेवाडीची सकाळ बघितलेली नसणार. वरचं बीपी दहाने जरी उतरलं तरी अटॅक-स्ट्रोक वगैरे मिळून साधारण पाचातला एक टळतो असं डॉक्टर म्हणाले, आत्यांचं तर पन्नासाच्या आसपास उतरलंय, तेव्हा मिश्रीवरून मी सध्या भांडत नाही. एकदा विषय काढला होता. "येवढं एक ऱ्हाऊ दे गं," म्हणाल्या. तीनदाची एकदा झाली आहे, असं जाऊबाई सांगतात.

जाऊबाईंचं राहिलंच. आत्यांना दर महिन्याला केंद्रात घेऊन जायच्या, बाहेर बाकावर बसायच्या, एकदा नर्सने त्यांनाच ओढून आत बसवलं आणि मोजलं. वय ३८, १४८/९२. त्यांना दोन वेळा परत बोलावून मोजलं, तेवढंच आलं, आता त्यांचंही कार्ड आहे, एका पिशवीत दोन कार्डं आणि नानांची फाईल. जाऊबाईंच्या दोन्ही बाळंतपणांत बीपी वाढलं होतं हे तेव्हा बोलण्यात आलं, ज्या बाईचं गरोदरपणात वाढतं तिला पुढे बीपी आणि हृदयाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते, पण बाळंतपण झाल्यावर ते कुणी परत मोजलंच नव्हतं.

घरातल्या पुरुषांपैकी नाना सोडले तर कुणीच अजून दंड पुढे केलेला नाही. दीर म्हणतात मला काय झालंय, माझा नवरा म्हणतो ऑफिसचा कॅम्प येऊ दे, आणि मशीन आमच्याच टीव्हीखाली ठेवलेलं आहे. गणपतीला सगळे गावी जाणार आहोत. जाऊबाईंनी आशाताईंना आधीच सांगून ठेवलंय की दोघं भाऊ घरात सापडतील तेव्हा मशीन घेऊनच या, आरतीच्या आधी.